पडवीतली सायकल

आमच्या कवळ्याच्या घरी पडवीत एक सायकल टांगलेली होती. ॲटलासची, काळी, अठ्ठावीस इंची चाकांची, पुढे आडवा दांडा असलेली. दर वर्षी चवथीआधी साफसफाई निघाली की बायको विचारायची, "भंगारवाला आलाय, देऊया का?" आणि मी म्हणायचो, "राहू दे, पुण्याची आहे." असं बावीस वर्षं चाललं. सायकल तेवढी चालली नाही.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली, मुलगी बारावी झाली आणि तिला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. हॉस्टेल कर्वेनगरला, कॉलेज डेक्कनच्या बाजूला. मधे पाच-सहा किलोमीटर. जेवताना तिने हळूच विषय काढला, "बाबा, तिथे स्कूटर लागेल मला."

मी म्हटलं, "स्कूटर कशाला? सायकल घे. पुणं म्हणजे सायकलींचं शहर."

ती आणि तिची आई एकदम हसल्या. त्या हसण्याचं कारण मला ठाऊक आहे. पुण्यातल्या माझ्या सायकलीच्या गोष्टी या दोघींनी इतक्यांदा ऐकल्यात की पुढचं वाक्य कोणतं येणार तेही त्यांना पाठ आहे. हसून झाल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही सोडायला येणारच आहात ना? मग एक दिवस हॉस्टेलपासून कॉलेजपर्यंत सायकलने जाऊन दाखवा. सकाळच्या गर्दीत. तुम्ही म्हणालात की जा, तर मी सायकल घेते. शब्द."

आता बाप म्हटल्यावर माघार कशी घेणार? मी हो म्हटलं.

तर सांगायची गोष्ट तीच आहे, पण त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

१९९८ च्या जून महिन्यात मी पुण्याला गेलो. बी.ए. मराठी घेऊन करायचं आणि तेही पुण्यात, हे माझ्या डोक्यात शाळेपासून होतं. आमच्या पिढीतल्या गोव्याच्या मराठी पोरांना पुणं म्हणजे काय वाटायचं ते वेगळं सांगायला नको. शनिवार पेठेतल्या एका वाड्यात कॉट बेसिसवर जागा मिळाली. एका खोलीत तीन कॉट. एक बेळगावचा, एक इंदूरचा आणि मी. तिघेही आपापल्या गावी 'शुद्ध मराठी बोलणारे' म्हणून प्रसिद्ध, आणि पुण्यात तिघांच्याही मराठीला लोक हसायचे.

पहिल्याच महिन्यात कळलं की इथे सायकलीशिवाय चालणार नाही. कॉलेज नदीपलीकडे, खाणावळ नारायण पेठेत, लायब्ररी तिसरीकडे. एका रविवारी जुन्या बाजारात जाऊन चारशे रुपयांना ही ॲटलास घेतली. वाड्याचे मालक, त्यांना आम्ही काका म्हणायचो, ओट्यावर बसले होते. त्यांनी मागचं चाक उचलून फिरवलं, एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, "चाक आउट आहे. चेन सैल. पण सांगाडा चांगला आहे. फसला नाहीस फार." मग स्वतः उठून मला कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे घेऊन गेले. मिस्त्रीने स्पोक एकेक करून पिळले, आउट काढला, चेनची एक कडी काढली, आणि तीस रुपयांत सायकल सरळ धावू लागली.

काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. शनिवार पेठेतून खडकीला तीस-बत्तीस वर्षं सायकलने गेले. ते सांगायचे, पाळी सुटल्याचा भोंगा झाला की कारखान्याच्या दारातून सायकलींचा लोंढा निघायचा. शेकडो सायकली. रस्ता भरून जायचा आणि मोटारवाला कडेला थांबून राहायचा. संध्याकाळनंतर सायकलीला दिवा नसला तर पोलीस पकडायचा, डबलसीट दिसले तरी पकडायचा. "म्हणजे बघ," काका म्हणायचे, "सायकलवाल्याला नियम होते. नियम होते म्हणजे मान होता. आज सायकलवाल्याला कोणी पकडतसुद्धा नाही." हे ते तक्रारीच्या सुरात म्हणायचे. मला तेव्हा गंमत वाटायची.

पंक्चर काढायलाही त्यांनीच शिकवलं. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात फिरवायची, बुडबुडे येतील तिथे खूण करायची, काचकागदाने घासायचं, सोल्युशन लावून वाळू द्यायचं. सगळे चुकतात ते इथेच. घाई करतात आणि ओल्यावर ठिगळ लावतात.

सायकलीने मला पुणं दिलं, असं म्हटलं तर ते खोटं नाही. ओंकारेश्वराजवळच्या पुलावरून पलीकडे गेलं की बालगंधर्व रंगमंदिर. खिशात नाटकाच्या तिकिटापुरते पैसे असले की झालं, रिक्षाचा प्रश्न नव्हता. त्या डिसेंबरात रेणुका स्वरूप शाळेच्या मैदानावर सवाई गंधर्व महोत्सव ऐकला. तेव्हा गाणं रात्रभर चालायचं. महिन्याभरापूर्वीच अभिषेकीबुवा गेले होते, आणि आम्ही गोव्याची चार-पाच पोरं मांडवात एका घोळक्याने बसलो होतो, घरातलं माणूस गेल्यासारखी. पहाटे मैफल संपली, बाहेर थंडी मी म्हणत होती. कानाला मफलर गुंडाळून, रिकाम्या लक्ष्मी रस्त्यावरून, डोक्यात शेवटची भैरवी घोळवत सायकलवरून खोलीवर आलो. त्या दिवसाइतका श्रीमंत मी पुन्हा कधी झालो नाही.

पण खरं सांगायचं तर मी बघितलं ते उतरतीचं पुणं होतं. कॉलेजच्या स्टँडवर तेव्हाच निम्म्याहून जास्त जागा स्कूटर आणि मोपेडनी घेतली होती. काकांचा हिशेब साधा होता. ते म्हणायचे, "सत्तर-बहात्तरपर्यंत ठीक होतं. मग लुना आली." लुना १९७२ सालची, पुण्याच्या फिरोदियांची. बजाजची चेतकही त्याच सालची, आणि बजाजचा कारखाना आकुर्डीचा. म्हणजे सायकलींच्या शहराला सायकलीवरून उतरवणाऱ्या गाड्या त्या शहराच्याच अंगणात तयार होत होत्या. त्याच कारखान्यांनी हजारो घरं चालवली हेही तितकंच खरं. काकांचा थोरला मुलगा तिथेच कामाला होता आणि त्याच्या स्कूटरला काका दर दसऱ्याला स्वतः हार घालायचे.

शिवाय शहर पसरलं. पेठांचं पुणं म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत पायडल मारली की पंधरा मिनिटं. मग १९९७ साली महापालिकेत २३ गावं आली, २०१७ साली ११ आली, २०२१ साली आणखी २३ आली. नोकऱ्या हिंजवडीला गेल्या, घरं वाघोली-आंबेगावला. पंधरा-वीस किलोमीटर रोज सायकलने जा म्हणून कोणाला सांगणार? बस पुरेशी नाही म्हणून लोकांनी गाड्या घेतल्या, गाड्या वाढल्या म्हणून रस्ते रुंद केले, रस्ते रुंद झाले तशी सायकलवाल्याची कडेची जागा गेली. ही कारणं सगळे देतात आणि ती बरोबरच आहेत. पण माझ्याजवळ आणखी एक कारण आहे. ते पुण्यातलं नाही, माझं स्वतःचं आहे.

२००१ साली बी.ए. झालो. सायकल कदंबच्या टपावर चढवली, ताडपत्रीखाली दोरीने आवळली आणि रात्रभर घाट उतरत गोव्याला आणली. २००३ साली सरकारी नोकरी लागली, कारकुनाची. पहिली नेमणूक फोंड्यात. कवळ्याहून फोंडा तीन किलोमीटर. मी मोठ्या उत्साहाने सायकलने कचेरीत जाऊ लागलो. चढ आहेत, पण तेविसाव्या वर्षी चढ कोण मोजतो?

आठ दिवसांनी एक सहकारी दारातच भेटला. हसत म्हणाला, "कितें रे, पदेर जालो?"

सगळे हसले. मीही हसलो. माणूस वाईट नव्हता, अजून माझा मित्र आहे. पण दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने मागून तोंडाने भोंगा वाजवला, पदेराचा, पों पों करून. मग तो रोजचा विनोद झाला. दोन महिन्यांनी मी कर्ज काढून स्कूटर घेतली. घरी सांगितलं, पावसात भिजायला होतं. सायकल पडवीत टांगली.

रस्ता मोकळा होता, अंतर थोडं होतं, पाय धडधाकट होते. पुण्यात तीन वर्षं जिच्यावर जीव टाकला तिला मी एका वाक्यावर सोडलं. आणि वाक्य तरी कोणतं? पदेर जालो! गोव्यातल्या प्रत्येक घरी सकाळी ज्याची वाट बघतात, ज्याच्या पावाशिवाय चहा होत नाही, त्याच्यासारखं दिसण्याची मला लाज वाटली. मुलीला पुण्याच्या गोष्टी सांगताना हे मी कधीच सांगितलं नव्हतं.

असो. गेल्या वर्षीच्या जुलैत मुलीला सोडायला पुण्याला गेलो. कोथरूडला भाचा असतो, हिंजवडीला नोकरीला. त्याच्याकडे चाळीस हजारांची गिअरवाली सायकल आहे. दर रविवारी पहाटे तो मित्रांबरोबर खडकवासल्याला जाऊन येतो, हेल्मेट, हातमोजे, सगळं. ऑफिसला मात्र मोटारीने. मी विचारलं तर म्हणाला, "मामा, रविवारी पहाटे पाचला रस्ता माझा असतो. सोमवारी नऊला सायकल काढली तर आई जप करत बसेल." त्याची सायकल मागून घेतली आणि मंगळवारी सकाळी साडेनऊला कर्वेनगरहून निघालो. मुलगी मागून रिक्षाने येणार होती.

पाऊस भुरभुरत होता. कर्वे पुतळ्यापर्यंत बरं गेलं. पुढे रस्ता भरला. डावीकडे ठेवावी तर तिथे गाड्या लावलेल्या, त्यांना वळसा घालायला उजवीकडे जावं तर मागून हॉर्न. बस थांब्याकडे वळली की माझी जागा संपायची. पौड फाट्याला मी उतरलो आणि सायकल ढकलत चौक पार केला. तिथून डोक्यावर मेट्रोचा पूल. नळस्टॉपला त्या मेट्रोखाली आणखी एक उड्डाणपूल आहे. मोटारी वरून जातात, मेट्रो त्याच्याही वरून जाते, आणि मी खाली, खांबांच्या मधल्या उरलेल्या जागेत. माझ्या वेळी इथे झाडं होती का, हे आठवायचा प्रयत्न करत होतो, तेवढ्यात एका मोटरसायकलवाल्याचा आरसा कोपराला घासून गेला. तो थांबला, "काका, लागलं का?" म्हणाला, आणि मी नाही म्हणेपर्यंत निघूनही गेला. त्याला तरी काय म्हणणार? त्यालाही वेळेवर पोचायचं होतं.

वाटेत पुढच्या चाकात हवा कमी वाटली म्हणून फुटपाथच्या कडेला बसलेल्या पंक्चरवाल्याकडे थांबलो. बीडचा माणूस. महागड्या सायकलींच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक असतो, त्याला नेहमीची नळी बसत नाही. मला वाटलं आता पंचाईत. पण त्याने खोक्यातून एक इवलीशी पितळी टोपी काढली आणि व्हॉल्व्हवर बसवली. म्हणाला, "रविवारवाले येतात ना, त्यांच्यासाठी ठेवलीय."

मी विचारलं, "आणि रोजच्या सायकली?"

"रोजच्या रात्री येतात. नऊनंतर. वॉचमन लोक, हॉटेलातली पोरं, बांधकामावरचे. हवा भरायचे पैसे मी घेत नाही त्यांच्याकडून. पंक्चर असलं तर घेतो."

डेक्कनला पोचायला मला चाळीस मिनिटं लागली. मुलगी आधीच येऊन उभी होती. मी घामाघूम, पावसाने भिजलेला, कोपर खरचटलेला. तिने काही विचारलं नाही, हे तिचं मोठेपण. पाण्याची बाटली दिली.

मी वाटेत एक उद्योग केला होता. दिसेल ती सायकल मोजली होती. एकतीस. त्यात हेल्मेटवाले चार. शाळेची मुलं सहा. बाकी एकवीसजण कोण? कॅरियरला डबा बांधलेले सुरक्षा रक्षक, खांद्यावर थापी-ओळंब्याची पिशवी घेतलेला गवंडी, दुधाच्या पिशव्यांची पेटी घेतलेला पोरगा, महापालिकेच्या गणवेशातली एक झाडूवाली बाई. यांच्यापैकी कोणाच्याही सायकलीला 'संस्कृती' म्हणताना मी ऐकलेलं नाही. वर्तमानपत्रांत सायकल संस्कृती म्हणून फोटो येतो तो हेल्मेटवाल्याचा.

संध्याकाळी हॉस्टेलच्या वॉचमनशी बोलत बसलो. साठीचा माणूस, वारजे-माळवाडीहून येतो. बारा तासांची पाळी. पूर्वी बसने यायचा. २०२५ च्या जूनमध्ये बसची तिकिटं वाढली, पाचाचं किमान तिकीट दहा झालं. तेव्हा त्याने मुलाची जुनी सायकल काढली. जाऊन-येऊन वीस रुपये वाचतात. सायकल कुठे ठेवता म्हणून विचारलं तर त्याने इमारतीच्या मागे बोट दाखवलं. कचऱ्याच्या डब्यांपलीकडे, भिंतीला टेकवून. आत पार्किंग आहे, पण ते गाड्यांसाठी आहे, सायकल लावली तर शोभत नाही म्हणून बाहेर ठेवायला सांगितलंय. शोभत नाही! मला एकदम फोंड्याची कचेरी आठवली.

पुण्याने सायकल परत आणण्यासाठी काही केलं नाही असं कोणी म्हणू नये. देशातला पहिला बीआरटीचा प्रयोग पुण्यात झाला, डिसेंबर २००६ मध्ये, कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर, आणि त्याच्या कडेने सायकलचे मार्ग आखले गेले. २०१७ साली महापालिकेने शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात ८२४ किलोमीटरचं जाळं कागदावर आहे. त्याच डिसेंबरात औंधमध्ये आणि विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सायकली आल्या. मोबाईलवरून कुलूप उघडायचं, वापरायची आणि सोडून द्यायची. वर्षभरात त्या शहरभर दिसू लागल्या. मग कुणी कुलपं तोडली, कुणी घरी नेल्या, काही मोडून कडेला पडल्या, आणि दोन-तीन वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. जंगली महाराज रस्त्यावर रुंद फुटपाथ आणि सायकलचा पट्टा झाला, तो खरोखर चांगला आहे. पण एक चांगला तुकडा म्हणजे रस्ता नव्हे. सायकलचा मार्ग साखळीसारखा असतो, एक कडी तुटली की सगळी चेन लोंबते. मी दुसऱ्या एका रस्त्यावरच्या सायकलमार्गावर चढलो होतो. दोनशे पावलांवर त्यात विजेची पेटी उभी होती, पुढे पाणीपुरीची गाडी, त्यापुढे उखडून रचलेल्या फरशा. प्रत्येक वेळी उतरून चढण्यापेक्षा रस्ता बरा.

हे सगळं बघून मला एक गोष्ट प्रकर्षाने वाटली. या योजना आखताना डोळ्यांसमोर कोण असतो? मोटारीतून उतरून सायकलवर येईल असा माणूस. त्याला यावंसं वाटावं म्हणून रंग, फलक, उद्घाटनं. तो येतो, फोटो काढतो आणि रविवारपुरता राहतो. मी त्याला नावं ठेवत नाही, तो माझा भाचाच आहे. पण जो सायकलवरून कधी उतरलाच नाही, त्याला काय हवंय हे कोणी विचारलं? त्याला रात्री नऊला उजेड हवा, चौक ओलांडायला चार सेकंद जास्त हवीत, कामाच्या जागी सायकल लावायला छप्पर हवं, आणि हवा भरायला एक माणूस हवा. यात कोट्यवधी रुपये कुठे आहेत? आणि हे झालं तर त्याच रस्त्यावरून माझी मुलगीही जाऊ शकेल. जो रस्ता वारज्याच्या वॉचमनला रात्री सुखरूप घरी पोचवतो, तो कोणालाही पोचवेल. उलटं होत नाही. हौशी लोकांसाठी केलेला मार्ग वॉचमनच्या उपयोगी पडतोच असं नाही.

पुण्याहून निघण्याआधी मुलीला घेऊन कर्वेनगरमधलं विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय पाहून आलो. एका माणसाने आयुष्यभर हौसेने जमवलेल्या जुन्या सायकली, दिवे, घंट्या, पंप, पाने. महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली घडीची सायकलही तिथे आहे. मी लहान मुलासारखा बघत होतो. एका कार्बाइडच्या दिव्यापुढे मला काका आठवले. बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "किती जपून ठेवलंय त्यांनी! बाबा, आपली तर नुसती लटकतेय."

तिथे फुटपाथवर उभं राहून मी तिला पदेराची गोष्ट सांगितली. बावीस वर्षांनी. ती हसेल असं वाटलं होतं, पण ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही गर्दीमुळे नाही सोडलीत."

"नाही. लाजेमुळे."

पैजेचा निकालही तेव्हाच सांगून टाकला. म्हटलं, "बाय, कर्वे रस्त्याने सायकलने जा असं मी तुला सांगू शकत नाही. माझ्या तोंडून ते निघत नाही. तू जिंकलीस."

स्कूटरचे पैसे मी बाजूला काढून ठेवले होते. पण ती म्हणाली, थोडे दिवस थांबा. तिने स्वतःच रस्ते शोधले. कर्वेनगरहून एरंडवण्याच्या आतल्या गल्ल्यांतून, मोठा रस्ता टाळत, नळस्टॉपच्या मेट्रोपर्यंत सायकलने जायचं, तिथून मेट्रोने डेक्कन. साधी बिनगिअरची सायकल घेतली, तीही जुनी. अंधार पडल्यावर नाही चालवायची, एवढी माझी अट, आणि ती तिने पाळली आहे असं मी मानून चालतो. हॉस्टेलमध्ये तिने आणखी एक काम केलं. तिने आणि चार मुलींनी मिळून अर्ज दिला की आमच्या सायकलींना आत जागा हवी. मुलींच्या सायकली म्हटल्यावर जागा लगेच मिळाली. जिन्याखाली एक पत्र्याची शेड झाली. तिथे आता सहावी सायकल वॉचमनकाकांची असते. अर्जात त्यांचं नाव नव्हतं, पण शेडमध्ये सायकल कोणाची हे कोण विचारतो? हे फोनवर ऐकलं तेव्हा मला जे वाटलं ते लिहीत नाही. बापांना कळेल.

या जानेवारीत पुण्यात आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. मुलीने फोन करून सांगितलं की शर्यतीच्या मार्गावरचे खड्डे बुजवून रस्ते गुळगुळीत केलेत. मी म्हटलं, चांगलं आहे, ते खेळाडू गेल्यावरही रस्ते राहतीलच. ती म्हणाली, "पण बाबा, आमच्या गल्लीतून शर्यत गेलीच नाही!"

आणि ॲटलास? गेल्या चवथीला मी ती खाली उतरवली. टायर-ट्यूब कुजून गेले होते. अठ्ठावीस इंची टायर आता कुठे मिळणार म्हणून हताश होतो. ज्या कंपनीची सायकल, तिचा साहिबाबादचा कारखानासुद्धा २०२० साली ३ जूनला, नेमका जागतिक सायकल दिनालाच बंद पडला. पण फोंड्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने माळ्यावरून टायरची जोडी काढून दिली. मी आश्चर्याने विचारलं, "हे अजून येतात?" तो म्हणाला, "येवपाक जायच. पदेरांक लागतात न्हय?"

पदेरांना लागतात म्हणून माझी सायकल उभी राहिली!

आता माझी कचेरी पणजीला आहे. सकाळी कवळ्याहून फोंड्याच्या बसस्टँडपर्यंत सायकल, पुढे बस. पंचेचाळिशी उलटली आहे, चढाला उतरावं लागतं. पहिल्या दिवशी स्टँडवर ओळखीच्या एकाने विचारलंच, पेट्रोल परवडेना काय? मी म्हटलं, "पदेर जालां." तो बघत राहिला.

आमच्या गावात आता बरेच पदेर स्कूटरवरून येतात. सायकलवाला एकच उरला आहे. सकाळी चढावर कधीतरी मागून भोंगा ऐकू येतो. मी कडेला होतो. तो पावांनी भरलेली पाटी घेऊन, उभ्याने पायडल मारत, माझ्या पुढून निघून जातो. मी उतरून ढकलत असतो.